खून विसरा, नवरा-बायकोकडे बघा

प्रश्न : परवा रात्री १९३४ चा 'द थिन मॅन' बघितला, जाम आवडला, पण सकाळी नवऱ्याला स्टोरी सांगायला गेले तर कोणी कोणाला का मारलं हेच धड सांगता येईना. माझं लक्ष नव्हतं की पिक्चरच तसा आहे? आणि या टाइपचं अजून काय बघू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, पिक्चरच तसा आहे, तुमचं काही चुकलं नाही. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची, त्यात धागेदोरे ढीगभर, पण दिग्दर्शक व्हॅन डाइकला जास्त रस होता निक आणि नोरा या नवरा-बायकोच्या जोडीत, आणि पटकथा लिहिणारे हॅकेट आणि गुडरिच हे पण खरे नवरा-बायको, त्यामुळे निक-नोराच्या बोलण्यात जो मुरलेला गोडवा आहे तो उगाच नाही आलेला. एरवी अशा पिक्चरमध्ये लग्न जमलं की दी एंड, इथे लग्न आधीच झालंय आणि तरी दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

नोराची एंट्री परत एकदा बघाच. हातात ख्रिसमसच्या खरेदीचे खोके, पुढे कुत्रा ओढतोय, आणि बाई आत शिरते ती थेट जमिनीवर आडवी! मग टेबलाशी बसल्यावर निकला विचारते, तुझे किती पेग झाले? तो म्हणतो, ही सहावी मार्टिनी. ती लगेच वेटरला सांगते, मला अजून पाच आण आणि इथे ओळीने मांड. ना चिडणं ना लेक्चर, सरळ बरोबरी. मायर्ना लॉय (नोरा) आणि विल्यम पॉवेल (निक) पुढे याच जोडीच्या अजून पाच पिक्चरमध्ये आले, शेवटचा १९४७ ला.

आता पुढचं. 'द मॅड मिस मँटन' (१९३८) बघा, बार्बरा स्टॅनविक आणि तिच्या श्रीमंत मैत्रिणी खुनी शोधत फिरतात, रहस्य जेमतेम आहे पण धमाल येते. पण त्याच्या आधी 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' लावा. शूटिंग १९४१ ला झालेलं, पण न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर मूळ नाटक जोरात चालू होतं म्हणून रिलीज व्हायला १९४४ उजाडलं. दोन प्रेमळ म्हाताऱ्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना विष घातलेली वाइन पाजतात, खुनी कोण ते लवकरच कळतं त्यामुळे गोंधळ नाही, मजा आहे ती भाच्याची म्हणजे केरी ग्रँटची जी तारांबळ उडते त्यात. यावेळी नवऱ्याला शेजारी बसवूनच बघा, आणि खिडकीखालच्या पेटीत काय आहे ते त्यांना आधी अजिबात सांगू नका.