लेबल माझं, गाऊन कोणाचा?

प्रश्न: बडोद्यात रावपुऱ्यात माझं छोटं ब्रायडल बुटीक आहे. ख्रिस्ती लग्नांचे पांढरे गाऊन आणि आपल्याकडच्या रिसेप्शनचे गाऊन ठेवते. सुरतच्या एका कारखान्याकडून माझ्या लेबलखाली 24 डिझाइनचं कलेक्शन करून घेतलं. 16 डिझाइन त्यांच्या कॅटलॉगमधली, 8 माझी. या 8 पैकी 5 मी स्वतः काढली आणि ती इन्स्टाग्रामवर टाकून विकतेही आहे. उरलेली 3 अजून सॅम्पलवरच आहेत, त्यातली 2 कॉलेजच्या एका मुलीकडून पैसे देऊन काढून घेतली. लेखी करार नाही, पण ‘बरोडामां तमारा सिवाय कोईने नहीं आपीए’ असा मालकाचा व्हॉइस मेसेज आहे. आता अलकापुरीतल्या एका दुकानात यातले सहा गाऊन दुसऱ्या लेबलने, कमी भावात लटकलेत: चार कॅटलॉगमधले, दोन माझे. मी शेवटचं 2 लाख 10 हजारांचं बिल अडवलं, तर कारखान्याने वकिलाची नोटीस धाडली. (त्या मालातल्या तीन गाऊनचे मणी गळत होते, ते मी आठवड्याच्या आत फोटोसह कळवलं होतं.) त्यातच एक नवरी ‘एकच पीस’ म्हणून घेतलेल्या गाऊनचे पैसे परत मागते आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा सगळा राग अलकापुरीवर आहे, पण आधी बिलाकडे बघा. घड्याळ तिथे चालू आहे.

कारखान्याच्या बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक आहे का? असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 चा एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांचा) कायदा त्याच्या पाठीशी आहे. पैशांची मुदत लेखी ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. लेखी ठरली असली तरी 45 दिवसांच्या वर नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. कारखाना फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे) गेला आणि निवाडा तुमच्याविरुद्ध लागला, तर त्याला आव्हान देण्यासाठी 75 टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. ‘त्याने शब्द मोडला, मी पैसे देणार नाही’ हे माणूस म्हणून पटतं. पण माल तुम्ही ठेवून घेतलात आणि विकायलाही काढलात. शब्द मोडल्याची भरपाई हा वेगळा दावा आहे.

याच कायद्यात मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी कळवावी लागते. मण्यांबद्दलचा तुमचा मेसेज त्या मुदतीत बसतो, म्हणून त्या तीन गाऊनपुरती डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, काढा. बाकीची रक्कम ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून’ असं पत्र देऊन बँकेतून भरा. हा सल्ला तुम्हाला आवडणार नाही, पण बिल अडवून कारखान्यावर दबाव येईल हा हिशेब इथे उलटा पडतो.

आता डिझाइनकडे. कॅटलॉगमधली 16 विसरा. गळा बदलला, ट्रेल लांब केला, कॅनकॅनचा (घेर फुगवणाऱ्या आतल्या जाळीचा) एक थर वाढवला, तरी मूळ डिझाइन कारखान्याचंच. त्यावर तुमचं लेबल शिवलं म्हणून मालकी फिरत नाही. त्या चार गाऊनबाबत तुमच्या हातात फक्त मालकाचा तो शब्द आहे, त्याकडे येतोच.

तुम्ही स्वतः काढलेल्या 5 डिझाइनची गोष्ट निराळी. ती इन्स्टाग्रामवर आली, विकली गेली, म्हणजे 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीसाठी लागणारं नावीन्य गेलं. तरी कागदावरच्या रेखाचित्रांचा कॉपीराइट शिल्लक असू शकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15(2) सांगतं की नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, अशा डिझाइनच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने 50 हून जास्त वेळा बनल्या की कॉपीराइट संपतो. 2016 मध्ये रितिका विरुद्ध बिबा या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयात नेमकं हेच घडलं. उलट 2008 मध्ये, राजेश मसरानी विरुद्ध तहिलियानी डिझाइन या प्रकरणात, नगांची संख्या 50 च्या आत होती आणि डिझायनरचा हक्क टिकला. तुमच्यासारख्या लहान बुटिकला हीच गोष्ट तारते. एका डिझाइनचे 50 गाऊन तुम्ही करून घेतले नसणारच. आणि तुमच्या परवानगीशिवाय कारखान्याने जे परस्पर शिवले, ते या मोजणीत धरायचे नाहीत. कलमाची भाषा मालकाने किंवा त्याच्या परवानगीने बनवलेल्या नगांची आहे. तेव्हा प्रत्येक डिझाइनची ऑर्डर, चलान आणि बिल काढून आकडा पक्का करा. तारखेसह मूळ स्केच सापडलं तर फारच उत्तम.

जाता जाता: या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2025 चा मोठा निकाल, क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया, आपल्या बडोद्याच्या कमर्शियल कोर्टात सुरू झालेल्या दाव्यातूनच निघाला. वाद गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगचा होता, गाऊनशी त्याचा काही संबंध नाही. पण कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं हे पुरावा घेऊनच ठरेल, दावा दारातच फेटाळता येणार नाही, असं तिथे ठरलं. समोरच्या वकिलाने कलम 15(2) दाखवून घाबरवलं तर हे लक्षात असू द्या.

खरी घाई आहे ती सॅम्पलवरच्या 3 डिझाइनची. त्यांचा फोटो कुठेही टाकू नका, नवरीला व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही. आधी नोंदणीचा अर्ज करा. वैयक्तिक अर्जदाराला शुल्क 1,000 रुपये आहे आणि संरक्षण 10 वर्षं, पुढे 5 वर्षं वाढवता येतं. कारखान्याला विश्वासाने दाखवलं म्हणून नावीन्य जात नाही. कारखान्याने विश्वासघात करून ती बाहेर दाखवली तरी डिझाइन कायद्याचं कलम 16 तुम्हाला सांभाळून घेतं. कॉलेजच्या मुलीने काढलेल्या दोन डिझाइनचं काय? डिझाइन कायद्यात मोबदला देऊन करून घेतलेल्या डिझाइनचा मालक करून घेणारा असतो. कॉपीराइट कायद्यात मात्र, ती तुमची नोकर नसल्यामुळे, रेखाचित्राची पहिली मालक तीच. म्हणून तिच्याकडून एका पानाचं हस्तांतरपत्र सही करून घ्या, आणि त्यात मुदत लिहा. लिहिली नाही तर ते फक्त 5 वर्षांचं धरलं जातं. मुलगी चांगली आहे, नाही म्हणणार नाही, हे तुम्ही म्हणाल. मग आजच घ्या.

आता तो व्हॉइस मेसेज. तोंडी करारही करारच असतो. धंदा चालू असेपर्यंत एका शहरात एकालाच माल देण्याची अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 ला (धंद्याला आडकाठी करणारे करार रद्द ठरवणाऱ्या) सहसा अडखळत नाही. तुमची अडचण दुसरीकडे आहे: ‘बरोडा’ म्हणजे कुठपर्यंत, कोणते गाऊन, किती दिवस, यातलं काहीच मेसेजमध्ये नाही. पुढच्या-मागच्या चॅटमधून ते जुळवावं लागेल. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. अलकापुरीतून एखादा गाऊन ओळखीच्या कुणाकडून पक्क्या बिलावर विकत घ्या. दुकानात जाऊन भांडू नका. भरपाई मागताना नुकसान दाखवावं लागेल, म्हणून रद्द झालेल्या ऑर्डरचे मेसेज आणि परत केलेले ॲडव्हान्स यांची नोंद वेगळी ठेवा.

कॉपीराइटचा दावा तुम्ही जिथे धंदा करता तिथेच, म्हणजे बडोद्यातच, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, लावता येतो; सुरतेला खेपा नकोत. दाव्याची किंमत 3 लाख किंवा जास्त असेल तर तो कमर्शियल ठरतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. लग्नसराई तोंडावर असेल तर तातडी दाखवता येते, पण महिनोन्‌महिने गप्प बसून मग धावत आलात तर न्यायाधीश तेच विचारतील.

नवरीचे पैसे परत करा किंवा दुसरा गाऊन द्या. ‘मलाच कारखान्याने फसवलं’ हे तिच्यासमोर उत्तर नाही. ‘एकच पीस’ तुम्ही म्हणालात, बिल तुमचं. आणि इथे लेबलची दुसरी बाजू दिसते: ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(36) मध्ये, दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःची खूण लावणाराही ‘उत्पादक’ धरला आहे. उद्या अस्तराच्या कापडाने एखाद्या नवरीच्या अंगावर चट्टे उठले तर सुरतेकडे बोट दाखवून सुटका होणार नाही.

लेबलच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज कपड्यांसाठी वर्ग 25 आणि दुकानासाठी वर्ग 35 मध्ये करा; ऑनलाइन अर्जाला व्यक्तीस प्रत्येक वर्गाचे 4,500 रुपये. याने अलकापुरीवाल्याला रोखता येणार नाही, त्याचं लेबल वेगळंच आहे. पण कारखान्यात तुमच्या लेबलचे शिल्लक रोल पडून असतील ते मोजून परत घ्या.

नोटिशीचं उत्तर दिलेल्या मुदतीत जाऊ द्या. त्यात ‘सर्व 24 डिझाइन आमची’ असं लिहू नका. 16 खोटी निघाली की उरलेल्या 8 वर कोण विश्वास ठेवेल? बिल भरल्याचा तपशील, तीन गाऊनची डेबिट नोट, अलकापुरीत दिसलेल्या तुमच्या दोन डिझाइनचं शिवणकाम थांबवण्याची मागणी आणि तीन सॅम्पल पॅटर्नसकट परत करण्याची तारीख, एवढंच लिहा. सॅम्पल कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन सही घेऊन आणा.