मध्ये हिंदी आणू नकोस

पोरी,

बैलहोंगलची कन्नड मैत्रीण वर्षभर तुझ्याबरोबर एका खोलीत राहते, दोघी एकाच तव्यावर करून खाता, आणि तरी बोलणं ‘पानी आया क्या, गॅस खतम हुआ क्या’च्या पुढे सरकत नाही, असं लिहिलंस. कन्नडचा क्लास लावू का म्हणतेस. आणि शेवटी बारीक अक्षरात, बाबांना काय वाटेल?

क्लासचं तुझं तू ठरव. पण मध्ये हिंदी आणू नकोस. तुझ्या घरी हिंदीत कुणी रागावत नाही, तिच्याही नाही. दोघी परक्या भाषेत बेतानं बोलता, म्हणून भांडण होत नाही आणि मैत्रीही होत नाही.

तू खानापूरकडची, भातावर वाढलेली. ज्वारीची भाकरी तुझ्या हाताला नवी, तिच्या हाताला ती लहानपणापासून ठाऊक. ती परात घेऊन बसली की शेजारी बस. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कडा फुटतात, म्हणून ती उकळतं पाणी घालते. किती घालायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात कधी फिरवायचा, कोरडी पडू लागली की कधी उलटायची, हे बघून अर्धंच कळतं. विचारावं लागतं. तिथे विचार, ‘नीर हाकलेन?’, पाणी घालू का? ती ‘साकु’, पुरे, म्हणेल, नाहीतर हसेल. हसू दे की! वाक्याची ठेवण आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी. मात्र त्यांच्यात ए आणि ओ आखूडही असतात, लांबही, आणि आपल्या कानाला तो फरक आधी कळतच नाही. तेवढा तिच्याकडून घटवून घे. ‘आहे’ला पुस्तकात ‘इदे’ असेल, ती ‘ऐति’ म्हणेल. तू तिचं धर.

आणि तिलाही सोडू नकोस. तांदळाची भाकरी तिला मराठीतून शिकव. एकीनंच वाकायचं, हे मला मान्य नाही. अडलात तर हातवारे करा, भांडं दाखवा, पण हिंदी नको.

आता बाबांचं. आपला मराठी सीमाभाग कन्नड राज्यात गेला, हे दुखणं १९५६ पासूनचं आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ते मी हलकं करणार नाही. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनी, दंडाला काळी फीत बांधून मी फेरीत चाललेय. आणि पाडव्याला शेजारच्या कन्नड अक्कांच्या होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटायला त्यांच्या ओट्याशी उभीही राहिलेय. आपल्यातल्याच एकांनी मला तोंडावर विचारलं होतं, तुम्ही नक्की कुणाकडच्या? मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, मुलं मराठीत वाढवली. अक्कांशी कन्नड बोलून माझी मराठी तसूभरही कमी झाली नाही. सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून मी आजही भांडेन, पण त्या भांडणाची शिक्षा शेजारणीला देणार नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती. कन्नड कवितेसाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. बाबांना हे सांग. ऐकतील, नाही ऐकले तर मला सांग, मी येते.

अक्का पुढे लेकाकडे गेल्या. त्यांच्या तोंडची लग्नातली गाणी उतरवून घ्यायची राहिली, ती हळहळ अजून जात नाही. म्हणून तुझ्या मागे लागलेय. खोलीचा करार संपला की तुमच्या वाटा वेगळ्या. वाट कसली बघतेस?

रविवारी बाजारातून लहान, कोवळी वांगी आण. तिला एण्णेगायी, त्यांची भरली वांगी, करायला सांग. कारळाची चटणी तिच्या घरून आलेली असेलच, तीही मसाल्यात जाऊ दे. दाण्याचं कूट तू कर, चिंच तू भिजव, वांग्यांना चिरा ती देईल. मीठ कमी पडलं तर कन्नडात माग, आणि तिला तिखट झालं तर तिनं मराठीत ओरडावं. पुढच्या पत्रात काय करपलं आणि कशावरून वाजलं, ते सविस्तर लिही.

तुझ्या बाई