वस्तीतील मुलांना सर्कस आणि नाटक शिकवताना कायदा आड येतो का?
वास्कोजवळच्या वस्तीतील मुलांना सर्कशीचे खेळ आणि नाटक शिकवण्यास कायद्याची आडकाठी आहे का व आरंभ कशाने करावा, असे आपण विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी मनाई करण्यास सांगितले ते मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यास. कला म्हणून शिकवणे ही निराळी गोष्ट आहे, मात्र तिकीट लावून त्यांचे प्रयोग करण्याचा मोह टाळावा आणि पालकांची लेखी संमती घ्यावी.

आरंभ झेलण्याच्या खेळाने करावा. पातळ रुमाल सावकाश खाली येतात, त्यामुळे नवख्या मुलाला हात सावरायला वेळ मिळतो, चेंडू त्यानंतर. मनोरा रचताना खालच्या मुलाच्या पाठीच्या मधोमध गुडघा टेकू देऊ नये, भार खांद्यांवर व कमरेच्या हाडावर यावा. जाणत्या प्रशिक्षकाविना तर मनोरा नकोच.

कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मजुरांच्या मुलांना हे शब्दांविना जमते, म्हणून नाटक मी नंतर ठेवीन. त्यासाठी गोव्यात फार शोधावे लागत नाही: जत्रेतील नाटकांत आणि पेडण्याकडच्या दशावतारात वावरलेली माणसे गावोगावी भेटतात, आणि लिखित संहितेविना रंगमंचावरच संवाद रचण्याची दशावताराची रीत वाचनात मागे पडलेल्या मुलांना विशेष सोयीची ठरते.