लग्न दीड महिन्यावर आणि दातांवर बोअरच्या पाण्याचे डाग

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी नांदेड जिल्ह्यातली, वय २४, लग्न दीड महिन्यावर आलंय. समोरचे दात पिवळट आहेत, वर पांढरे ठिपके अन् दोन दातांवर तपकिरी पट्टे. आमच्या गावात बहुतेकांचे असेच आहेत, लहानपणापासून बोअरचंच पाणी. भाऊ म्हणायलाय ऑनलाइन कोळशाची पावडर मागव, मैत्रीण म्हणायली पार्लरमध्ये लेझर मारून घे तासाभरात पांढरे होतात, अन् आई म्हणायली दातांना हात लावला की ते हलायलेच लागतात. कोणाचं ऐकू?

उत्तर: अगं, बोअरचं लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी सरळ ब्लीच कर म्हणून मोकळी झाले असते. तू सांगतेस ते फ्लोरोसिससारखं वाटतंय, नक्की काय ते दात बघूनच सांगता येईल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, पण आपल्याकडं बऱ्याच बोअरचं त्याच्यावर जातं आणि लहानपणी हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच डाग पडतो. म्हणून पावडरीनं कितीही घास, जाणार नाही, उलट वरचं कवच झिजून आतला पिवळा थर जास्तच दिसायला लागतो. लिंबू-मिठाचंही तेच.

आईला सांग, दात साफ केल्यानं हलत नाहीत. कीटणाचा थर निघाला की फटी मोकळ्या होतात आणि आधीच ढिले असलेले दात जाणवायला लागतात, एवढंच. तेव्हा याच आठवड्यात क्लिनिंग करून घे, कीड असली तर तीही भरून घे, कारण किडलेल्या दातावर ब्लीचचं जेल गेलं की अशी सणक जाते की लग्नच नको वाटेल.

आता ब्लीच. दवाखान्यात आधी प्लास्टिकच्या दातांची एक पट्टी तुझ्या दाताशेजारी धरून रंगाचा नंबर लिहून ठेवतात, तो मोबाईलमध्ये फोटो काढून घे, नंतर फरक पडला का नाही यावर वाद नको. मग हिरड्यांवर निळसर पेस्ट लावून ती लाईटनं कडक करतात आणि दातांवर ३५-४० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड जेल, १५-२० मिनिटं, असं दोन-तीनदा. तो निळा लाईट बघून सगळे लेझर लेझर म्हणतात पण खरं काम जेलच करतं. उठल्या उठल्या दात एकदम पांढरेफटक दिसतात, ते थोडं वाळल्यामुळं असतं, आठवडाभरात रंग जरा खाली येतो, फसवलं असं समजू नको.

दुसरा मार्ग घरचा, अन् तुझ्यासाठी मला तोच बरा वाटतो. दातांचं माप घेऊन पातळ ट्रे करून देतात, प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड जेल टाकून रात्री घालून झोपायचं, दोन-तीन आठवडे. सणक कमी जाते, आणि गेली तर एक रात्र सोडायची.

पण खरं सांगते, यानं पिवळटपणा जाईल, पांढरे ठिपके मात्र पहिले काही दिवस उलट जास्त उठून दिसतील. घाबरून फोन करू नको, बाकीचा दात उजळला की ते बरेचसे मिसळून जातात. तपकिरी पट्ट्यांना मायक्रोअ‍ॅब्रेजन लागेल, म्हणजे आम्लाच्या पेस्टनं अगदी पातळ थर घासून काढणं. ते डॉक्टरनंच करायचं, पार्लरवालीनं नाही. खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून ये.

सगळं हळदीच्या दहा दिवस आधी संपव. दवाखान्यातलं ब्लीच केलंस तर पुढचे दोन दिवस चहा, येसर आमटी, हळदीचं वरण बंद, दहीभात, भाकरी-दूध, साबुदाण्याची खिचडी चालेल. घरातले म्हणतील नवरीला उपास कशाला लावला, म्हणू देत.

प्रश्न: माझी आई ५५ वर्षांची, वर्षानुवर्षं मिसरी लावते, दात काळे पडलेत, पुढच्या एका दाताला कॅप आहे. व्हाइटनिंग होईल का? (बीड)

उत्तर: तो काळा थर बहुतेक वरचाच असतो, क्लिनिंग-पॉलिशमध्ये बराच निघतो, व्हाइटनिंगची गरजही पडणार नाही कदाचित. कॅपचा रंग कशानंच बदलत नाही, त्यामुळं बाकीचे दात उजळले की ती वेगळी दिसेल आणि बदलावी लागेल. आणि मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच ना दादा, दोन दिवसांनी परत बोट फिरवलं की पैसे पाण्यात. त्याच्याआधी एक करा, आईंना उजेडात बसवून मिसरी जिथं लावतात तिथली हिरडी आणि गालाची आतली बाजू बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असलं काही दिसलं तर दातांचा रंग राहू द्या, आधी तेवढं दाखवून आणा.