फोनमधल्या नोट्स दुकानाच्या पीसीवर कशा उतरवायच्या?

प्रश्न : कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला आहे. कुणाचे किती रवे आले, सौद्यात काय दर निघाला, उचल किती दिली, सगळं गुगल कीपमध्ये टिपतो, पट्टीचे फोटोपण तिथंच. पीसीवर कीप उघडलं की सगळं दिसतं, मग वेगळा बॅकअप कशाला पाहिजे?

उत्तर : दिवाणजी, दिसतंय म्हणजे पीसीत आहे असं नाही ओ. ते गुगलच्या सर्व्हरवर आहे आणि पीसी नुसती खिडकी आहे, फोनवर चुकून नोट डिलीट झाली की पीसीवरनंपण जाणार, आणि कीपच्या ट्रॅशमध्ये ती ७ दिवसच राहते. सीझनच्या गडबडीत ७ दिवसांत कुणाच्या ध्यानात येतंय? आणि अकाउंटच लॉक झालं तर मग बोलायलाच नको.

तर गुगल टेकआऊट, म्हणजे आपला गुगलवरचा डेटा उतरवून घ्यायची गुगलचीच सोय, ती पीसीवर उघडा, आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ करा नाहीतर मेल, फोटो, युट्यूब सगळंच गोळा होऊन येतंय, मग फक्त कीपला टिक करून एक्सपोर्ट द्या. थोड्या वेळानं मेलवर लिंक येते, ती साधारण आठवडाभरच चालते म्हणून लगेच डाउनलोड करा. झिप फाइल येईल, ती एक्स्ट्रॅक्ट केली की प्रत्येक नोटची एचटीएमएल आणि जेसन अशा दोन फाइली मिळतात, फोटोपण येतात. वाचायला एचटीएमएल पुरे, क्रोममध्ये उघडते. नेट बंद करून चार नोटा उघडून बघाच, फोटोतले आकडे नीट दिसतात का तेपण. जेसन मात्र उडवू नका, पुढंमागं दुसऱ्या ॲपमध्ये न्यायचं झालं तर तीच कामाला येते. ही झिप परत कीपमध्ये चढवायची सोय गुगलनं दिलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दर वेळी आठवण राहत नसेल तर टेकआऊटमध्येच दर २ महिन्यांनी वर्षभर असा पर्याय आहे, तो लावा. पण डाउनलोड तुम्हालाच करायला लागतंय.

आणखी एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा शाहूपुरी, व्यापारी पेठेतल्या दुकानांत काय झालं ते तुम्हाला मी काय सांगायचं. आणि दुकानाच्या पीसीवर चारजण बसत असतील तर काम झालं की तेवढं लॉगआऊट करा.