नेट आहे, पण साइट उघडत नाही

भाऊ, सेतू केंद्र नवीनच टाकलं ना, मग पहिली गोष्ट : राउटरमागचं ते बारीक भोक पिनेनं दाबू नका. मी दाबलं होतं. लाइनीचा युजरनेम-पासवर्ड उडाला आणि तालुक्याहून माणूस येईस्तोवर सातबाऱ्याला आलेले लोक तीन दिवस ओसरीत चहा पिऊन परत गेले.

आधी काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारा : ‘ping 8.8.8.8’ टाइप करून उत्तर येतं का ते बघा.

- उत्तर येतं, पण नावानं साइट उघडत नाही? मग बहुतेक डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणारी सोय, अडलीय. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. जुने आकडे आधी वहीत लिहा. घाईत हेच राहतं.
- उत्तर नाही? कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, पाहा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलाच नाही. केबल काढून घट्ट बसवा. (तुरीच्या पोत्यांमागून वायर नेली असेल तर उंदीर, बापा!)
- फायबरचा लाल दिवा लागलाय? तक्रार नोंदवा, तुमच्या हाती काही नाही.

लाइट जाऊन आल्यावर साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणाली, तर कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या मशिनीच्या आतला घड्याळाचा सेल उतरला की ती कित्येक वर्षं मागे जाते.

सबनेट-बिबनेट सध्या राहू द्या.