कंपनीच्या उपकरणावर अभ्यास करतोयस, तर आधी एवढं कर

नाशिकच्या म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंधाचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, पाठवण्याआधी एक कोरा कागद घे. कंपनीकडून तुला, तुझ्या गाइडना, घरच्यांना जे जे मिळतंय ते लिहून काढ: मानधन, शेअर, पेटंटमधला वाटा, परिषदेचं विमानतिकीट, कॉलेज रोडवरचं जेवणसुद्धा. किरकोळ काय ते संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी एथिक्स कमिटी ठरवेल, आपण नाही.

माझ्या पहिल्या अभ्यासात मधुमेही पायाच्या जखमेवर लावायचं मशीन होतं. सुरगाण्याच्या एका आजींनी संमतीपत्रावर अंगठा उठवता उठवता विचारलं, "बाई, यात तुमाला काय मिळतं?" मला काहीच मिळत नव्हतं. गाइडना मात्र त्याच कंपनीकडून सल्ल्याचे पैसे मिळत होते आणि कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. मी गप्प राहिले. शाईने निळा झालेला तो अंगठा अजून डोळ्यांपुढे येतो.

पैसे घेणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मुळीच नाही. पण मिंधेपण नकळत नजरेत उतरतं. मणक्याच्या शस्त्रक्रियेत हाड वाढावं म्हणून वापरतात त्या 'इन्फ्यूज'चंच बघ. 2012 च्या अमेरिकी सिनेट समितीच्या अहवालानुसार, ते बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीने त्यावरच्या अभ्यासांच्या डॉक्टर-लेखकांना सुमारे 21 कोटी डॉलर दिले होते. आणि त्या शोधनिबंधांत दुष्परिणाम फारसे दिसलेच नव्हते!

रुग्ण निवडणं आणि जखम मोजणं, ही दोन कामं हितसंबंध नसलेल्या माणसाकडे दे. करारातलं प्रकाशनाचं कलम स्वतः वाच. निकाल छापायला कंपनीची परवानगी लागेल असं त्यात असेल, तर गाइड रागावले तरी सही करू नकोस.